बोटांनी ओळखायच्या नोटा

मंगळवार, नऊ चाळीस: आंटी, डोळे.

गेलं वर्षभर माझ्या फ्रिजवरच्या यादीत ही ओळ होती. वरती दूध, खाली गाडीचं ऑइल, मध्ये आंटी. श्रूजबरीच्या सीनियर सेंटरमध्ये, ज्यांना गाडी चालवता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांना डॉक्टरकडे नेण्याआणण्यासाठी स्वयंसेवक लागतात. त्या फेऱ्यांचं वेळापत्रक मी सांभाळते. पहिल्या मीटिंगला तिथला कागदांचा गोंधळ बघून मला गप्प बसवलं नाही, आणि ते काम माझ्याकडे आलं ते आलंच. आंटींची फेरी मात्र मी कधी दुसऱ्या कुणाला दिली नाही. सुरुवातीला कारण एवढंच होतं की त्या वेळेवर तयार असायच्या. मी पोचायचे तेव्हा त्या इमारतीबाहेरच्या बाकावर, डोक्याला रंगीत फडकं बांधून, पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या असायच्या.

आंटी घानाच्या. सत्तरी ओलांडलेल्या. कुमासीच्या बाजारात आधी आईबरोबर आणि मग एकटीनं त्यांनी कापड विकलं. नंतर मुलीच्या पाठोपाठ अमेरिकेत आल्या आणि वीसेक वर्षं नर्सिंग होममध्ये दुसऱ्यांच्या आईवडलांना अंघोळी घातल्या. आता मुलगी टेक्ससला, आणि आंटी इथे एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खात आणली होती. समोरचं थोडं दिसायचं, बाजूचं नाही. त्या म्हणायच्या, नळीतून बघितल्यासारखं.

पहिल्याच दिवशी मी त्यांना मिसेस म्हणून हाक मारली तर म्हणाल्या, "मिसेस मला बिल पाठवणारे म्हणतात. तू आंटी म्हण."

"मला काय म्हणाल?"

त्यांनी माझ्या डॅशबोर्डवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांकडे मान तिरकी करून पाहिलं. "तू? तू मॅडम लिस्ट."

आमचं बोलणं इंग्रजीतून व्हायचं. त्यांचं इंग्रजी एका चालीचं, माझं दुसऱ्या. मला मात्र ते सगळं मराठीतच आठवतं, कारण वहीत मी मराठीतच टिपत गेले.

श्रूजबरीहून वूस्टरला जाताना मध्ये एक लांबट तळं लागतं. त्यावरच्या पुलावर सकाळी गाड्या तुंबतात. ऑक्टोबरात पाण्यावरून धुकं वर येतं, पूल कुठे संपतो ते दिसत नाही, आणि पुढच्या गाड्यांचे लाल दिवे कुणीतरी पाण्यात सोडल्यासारखे वाटतात. अशाच एका सकाळी आंटींनी पर्समधून एक गाठोडं काढलं. निळ्या-पिवळ्या छापाच्या कापडाचा वीतभर तुकडा, त्याला गाठ. आत जुन्या नोटा. मी सवयीनं मोजल्या: एकोणीस.

"एक काढ," त्या म्हणाल्या. "मला दाखवू नकोस. हातात दे."

मी दिली. त्यांनी डोळे मिटले आणि नोट अंगठ्याखाली घेतली. कापडाचा पोत बघतात तशी, कडेपासून आत. मग नाकाशी नेली.

"ही माझ्या आईच्या कमरेची. आई लुगड्याखाली पट्टा बांधायची, त्यात ही वर्षभर होती. बघ, कागदाचं कापड झालंय."

मी दुसरी दिली. "ही सैनिक आल्यावरची. नवी होती तेव्हा करकर वाजायची. अजून थोडी वाजते, ऐक."

तिसरी हातात घेतल्याबरोबर त्या हसल्या. "ही डांबरगोळ्यांच्या डब्यातली. मेली तरी वास सोडणार नाही."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. पुढची गाडी केव्हाच गेली होती. माझ्यामुळे याआधी कधी रस्ता अडल्याचं मला आठवत नाही, आयुष्यात बहुधा ती पहिलीच वेळ.

त्या दिवशी दवाखान्यातून परतताना त्यांनी मला सगळं सांगितलं. नोव्हेंबरात त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. गेलेली नजर परत येणार नव्हती; आहे ती टिकली तर टिकली. डॉक्टरनं हातचं काही न राखता सांगितलं होतं की उरलेलीही जाऊ शकते. डाव्याचा तसाही भरवसा नव्हता. म्हणून आंटी सराव करत होत्या.

"फोटो माझ्याकडे नाहीत," त्या म्हणाल्या. "आमचं घर दोनदा बदललं, एकदा जळलं. माझ्याकडे ह्या आहेत. डोळे गेले तर फोटोंचा काय उपयोग? नोटेला बोटं पुरतात. बाजारातली बाई अंधारातही नोट ओळखते."

मी म्हटलं, "मग आपण यादी करू. कुठली नोट कधीची, काय खूण, काय आठवण."

"तुझ्या देशातल्या बायका झोपेतही यादी करतात का?"

"काही जणी करतात."

"कर बाई," त्या म्हणाल्या. "माझी मुलगी हे सगळं कधी ऐकत नाही. म्हणते, ममा, त्या नोटांचं काही येत नाही."

मग दर मंगळवारी आम्ही चारपाच नोटा घेऊ लागलो. दवाखान्यात त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचे आणि बुबुळं मोठी होईपर्यंत अर्धा तास बसायला लावायचे. त्या बैठकीच्या खोलीत एक मोठी काच होती, बाहेर मेपलची झाडं. थेंब घातल्यावर आंटींना ती झाडं नुसत्या रंगासारखी दिसायची. "पिवळं आहे ना? की लाल?" त्या विचारायच्या, आणि मी उत्तर देईपर्यंत त्यांचं बोलणं कुमासीला पोचलेलं असायचं. मी पेन धरून बसलेली असायचे. पण थोड्या वेळानं ओळी संपायच्या, पेन थांबायचं, आणि मलाही ते पिवळं-लाल दुकानाबाहेर टांगलेल्या कापडांसारखं दिसायला लागायचं.

नोटांच्या आधीपासून सुरुवात. आंटींच्या पणजीच्या काळी सोन्याची पूड चालायची. छोट्या तराजूत पूड आणि दुसऱ्या पारड्यात बी. लाल बी, डोक्यावर काळा ठिपका.

"थांबा," मी म्हटलं. "लाल, काळा ठिपका, वाटाण्याहून लहान?"

"तुला काय माहीत?"

सोलापुरात आमच्या शेजारी सोनार होते. त्यांच्याकडे एका डबीत गुंजा असत. मी लहानपणी त्या डबीत बोट घालून बसायचे. गार, गुळगुळीत, बोटाभोवती फिरणाऱ्या. गुंजांनी सोनं तोलतात हे मला ठाऊक होतं. समुद्रापलीकडे कुणी त्याच बियांनी तेच करत असेल, हे कुठून ठाऊक असणार? वहीत मी फक्त "गुंज" एवढं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

आणि कवड्या. देशाला स्वतःचं नाणं करायचं ठरलं, तेव्हा इंग्रजांचे पौंड जाऊन त्याला सेडी हे नाव मिळालं. त्यांच्या भाषेतल्या कवडीवरून. मी आंटींना सांगितलं की आमच्याकडे फालतू गोष्टीला कवडीची किंमत नाही म्हणतात, आणि त्याच कवड्यांची माळ तुळजापूरची देवी गळ्यात घालते. त्यांनी मान हलवली. "तुमच्या बाजूच्या समुद्रातूनच यायच्या त्या. जहाजं भरभरून. आमच्याकडे त्या देऊन माणसंही विकत घेतली लोकांनी." त्या दिवशी मी तिथेच वही मिटली.

पहिली नोट त्या बारातेरा वर्षांच्या होत्या तेव्हाची. तिच्यावर देशाच्या पहिल्या अध्यक्षांचा चेहरा. आंटींच्या आईनं ती घरी आणली तेव्हा शेजारच्या बायका बघायला आल्या होत्या, आपल्या माणसाचं तोंड पैशावर कसं दिसतं ते. एकीनं नोटेचा मुका घेतला. मग एक दिवस रेडिओवर बँडचं संगीत लागलं. सैनिकांनी सत्ता घेतली, आणि पुढच्या वर्षी नव्या नोटा आल्या त्यावर तो चेहरा नव्हता. "आई म्हणाली, माणूस मेलेला नाही, परदेशी आहे, तरी नोटेवरून गेला. तिनं एक लपवून ठेवली." ती ही, पहिल्या क्रमांकाची. तिचा एक कोपरा मऊ होता. त्या बाईच्या मुक्याचा, असं आंटी म्हणायच्या. मी लिहिलं: १. चेहरा. कोपरा मऊ.

क्रमांक सात ते दहा, नोटाबदलीच्या. सरकारनं एकाएकी सीमा बंद केल्या आणि सांगितलं, जुन्या नोटा आणून द्या, नव्या घ्या. दहा देऊन सात मिळायचे, जास्त असतील तर त्याहून कमी. आंटी तेव्हा तरुण होत्या, पाठीवर मूल बांधून रांगेत उभ्या राहिल्या. दिवसभर धूळ. त्या चार नोटांवर अजून बारीक खरखर होती. आंटी म्हणायच्या ती रांगेतली.

क्रमांक बारा. पन्नास सेडींची, म्हाताऱ्याच्या चेहऱ्याची. ती पुढे तीनेक वर्षांनी सरकारनं बंदच केली. बँकेत जमा करा, पावती घ्या. "आई म्हणाली, बँकेला देण्यापेक्षा उशीला देते. आणि तिनं खरंच उशीत शिवल्या. मरेपर्यंत त्या उशीवर झोपली. गेल्यावर मी उशी उसवली." बारा नंबरच्या कडेला सुईची भोकं होती, ओळीनं. मी बोट फिरवून पाहिलं. मुंग्यांची रांग गेल्यासारखी.

त्यानंतरच्या नोटा मोठमोठ्या आकड्यांच्या. एक वेळ अशी आली की कापडाच्या एका तुकड्याला पिशवीभर नोटा लागायच्या, आणि आंटी त्या न मोजता हातात उचलून वजनानं सांगायच्या, बरोबर आहेत की कमी. सगळ्यात शेवटची नोट, क्रमांक एकोणीस, त्या आईच्या मयताला गेल्या तेव्हाची. त्याच सुमारास सरकारनं चार शून्यं खोडली होती. दहा हजारांचा एक. रेडिओवर रोज सांगत होते, किंमत तीच आहे. "मी विमानतळावर पाण्याची बाटली घेतली," आंटी म्हणाल्या, "आणि पोरीनं मला एवढंसं नाणं परत दिलं. मला वाटलं, अरे, आपण परत लहान झालो."

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या वहीतली यादी पूर्ण झाली. ऑपरेशनला बारा दिवस होते. आंटी मुलीकडे टेक्ससला चार दिवस जाऊन येणार होत्या. जाताना त्यांनी गाठोडं माझ्या हातात दिलं. "विमानात हरवेल. तू ठेव. तुझ्या हातून काही हरवत नाही."

खरं होतं. माझ्या हातून काही हरवत नाही.

मी ज्या घरात वाढले तिथे महत्त्वाच्या कागदाचं एकच करायचं असतं. दहावीचा निकाल लागला की वडील मार्कशीट घेऊन कॉलेजच्या कोपऱ्यावरच्या दुकानात जायचे आणि ते लॅमिनेट करून आणायचे. मग बारावीचं. मग पदवी. मग आजोबांचा एकुलता एक फोटो. आमच्या कपाटात प्लास्टिकच्या त्या पानांचा एक गठ्ठा होता, उन्हाळ्यात एकमेकांना चिकटणारा, आणि वडील म्हणायचे, आता पाणी पडो, वाळवी लागो, काही होणार नाही. इकडे आल्यावर माझ्या नवऱ्याला कसल्याशा अर्जासाठी स्वतःच्या लॅमिनेट केलेल्या मार्कशीटवर शिक्का हवा होता, आणि प्लास्टिकवर शिक्का मारत नाहीत म्हणून तो दोन महिने अडकला. तो अजून मला ऐकवतो. तरीही एका सेलमध्ये मी घरचं लॅमिनेटर घेतलं. मुलीच्या पहिलीतल्या चित्रांपासून मसाल्याच्या डब्यांच्या लेबलांपर्यंत सगळं मी त्यातून काढलं आहे.

रविवारची दुपार होती. जेवणं आटोपली होती, डिशवॉशर घुमत होता, खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. मी यादी केली: नोटा क्रमानं लावणे. लेबलं छापणे. लॅमिनेट. रिंगमध्ये ओवणे. कापड धुणे.

त्या तासाभराइतकं सुख मला फार कमी वेळा झालं आहे. नोट पाऊचमध्ये ठेवायची, बाजूला लेबल, मशीनच्या तोंडाशी धरायची. मशीन ती हळू ओढून घ्यायचं आणि दुसऱ्या बाजूनं ती ऊबदार, चमकत बाहेर यायची. चेहऱ्याची. कमरेच्या पट्ट्याची. रांगेतल्या चार. हाताशी ऊन, मशीनची ऊब, डिशवॉशरची घरघर. मला गुंगी आल्यासारखं झालं होतं. सोलापूरचं ते दुकान, कुमासीचा बाजार आणि माझं ओट्याजवळचं टेबल एकात एक मिसळलं होतं, आणि मी सगळ्यांना वाळवीपासून वाचवत होते.

नोटा तापल्या तसा स्वयंपाकघरात वास भरला. धूर, डांबरगोळ्या, सुकी मिरची, आणखी काहीतरी तुपासारखं जड. मुलगी जिन्यावरून ओरडली, "आई, व्हॉट इज दॅट स्मेल?"

"काही नाही गं, नोटा आहेत," मी म्हटलं, आणि एक्झॉस्ट फॅन लावला.

पुढच्या मंगळवारी नऊ चाळीसला मी रिंगमध्ये ओवलेला गठ्ठा आंटींच्या हातात दिला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, बक्षीस समारंभाला बघतात तशी.

त्यांनी पहिली नोट धरली. अंगठा कडेवरून आत गेला. परत कडेला आला. दुसरी धरली. तिसरी. मग त्यांनी गठ्ठा नाकाशी नेला.

"या कुठल्या?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच. आता खराब होणार नाहीत."

त्यांनी एक मध्येच उघडली, डोळे मिटले. मी वाट पाहिली. बारा नंबर होता, मला दिसत होता, उशीतला. त्यांचा अंगठा भोकांच्या ओळीवरून गुळगुळीत सरकून गेला.

"सगळ्या सारख्या आहेत," त्या म्हणाल्या.

तेव्हा मला कळलं. महिनाभर मी त्यांची बोटं बघत होते, खुणा वहीत लिहून घेत होते, "कोपरा मऊ," "सुईची भोकं," "खरखर," आणि त्या प्रत्येक खुणेवर मी स्वतःच्या हातानं प्लास्टिक चढवलं होतं.

"किती स्वच्छ केल्यास," आंटी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. गठ्ठा पर्समध्ये टाकून चेन लावली आणि पुलावर, तळ्यावर, दवाखान्यात, परतीच्या वाटेवर ती परत उघडली नाही. दुसऱ्या दिवशी सेंटरमधून फोन आला: ऑपरेशनच्या दिवशी त्यांना दुसरा ड्रायव्हर हवा आहे. वेळापत्रकात तो बदल मीच केला.

घरी मी सांगितलं तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, यू डिडन्ट."

नवरा म्हणाला, "निघतं का बघ ना ते. फ्रीझरमध्ये ठेवून निघतं म्हणतात."

"आणि फाटल्या तर?"

"आधी दुसऱ्या कशावर तरी करून बघ. माझं मार्कशीट घे, माझा तसाही राग आहे त्याच्यावर."

मी त्याचं घेतलं नाही. माझं घेतलं, दहावीचं. वडिलांनी सायकलवरून जाऊन आणलेलं. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं, सकाळी कड कापून प्लास्टिक ओढलं. प्लास्टिक निघालं, आणि त्याच्याबरोबर कागदाचा वरचा पापुद्रा. माझं नाव, सीट नंबर, भूगोलाचे मार्क, सगळं उलटं होऊन प्लास्टिकला चिकटून आलं. हातात राहिला पांढरी लव असलेला कागद. मी तो बराच वेळ अंगठ्यानं चाचपत उभी राहिले. मऊ होता. पस्तीस वर्षांत त्या कागदाला मी पहिल्यांदाच हात लावत होते.

म्हणजे नोटा सुटणार नव्हत्या. त्यावर मी फुली मारली.

मग यादीतल्या उरलेल्या ओळीवर नजर गेली. कापड धुणे. त्यापुढे टिक नव्हती. मी तळघरातल्या वॉशिंग मशीनकडे अक्षरशः धावले. धुण्याच्या टोपलीत, टॉवेलांच्या खाली, निळ्या-पिवळ्या कापडाचा तो तुकडा तसाच पडला होता. मी तो नाकाशी धरला. डांबरगोळ्या. धूर. तूप नाही, ते शिया बटर, त्यांच्याकडच्या बियांचं घट्ट तेल, हेही मला तेव्हा आठवलं. आंटी हाताला लावायच्या.

ऑपरेशनला तीन दिवस होते. मी पंच, दाभण, जाड दोरा, नागमोडी कात्री आणि ते कापड पिशवीत घालून, वेळ न ठरवता त्यांच्या दारात उभी राहिले. न कळवता कुणाकडे जाणं मला जमत नाही.

दार उघडलं. त्यांनी मान तिरकी करून मला नळीत पकडलं.

"मॅडम लिस्ट. आज यादी कुठंय?"

"नाही आणली."

"आजारी आहेस का?"

मी कापड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते ओळखायला क्षणही घेतला नाही. तोंडावर घेतलं आणि तशाच उभ्या राहिल्या, दारातच, खांदे हळूहळू खाली येईपर्यंत. मी जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं गाडीत तीनदा म्हणून पाहिलं होतं. त्यातलं तोंडून एवढंच आलं, "आंटी, चुकलं माझं. ते निघत नाही. मी करून बघितलं."

"कशावर?"

मी सांगितलं. दहावी म्हणजे काय, मार्कशीट म्हणजे काय, वडील, सायकल.

"एई!" त्या म्हणाल्या. "स्वतःच्या बापाचा कागद फाडलास?" आणि मग, आत वळत, "ये. चहा कर. माझ्या हातून सांडतो."

टेबलावर मी गठ्ठा सोडवला आणि सांगितलं माझ्या डोक्यात काय आहे ते. नोटेला खुणा परत द्यायच्या. प्लास्टिकवर. भोकं, टाके, कापलेले कोपरे. मी वहीतून वाचीन, त्यांनी सांगायचं कुठे काय. मी पहिली नोट घेऊन कात्री उघडली.

"इकडे दे," आंटी म्हणाल्या. "कापड विकलेल्या बाईला कात्री शिकवतेस?"

दुपार कशी गेली ते सांगता येणार नाही. बाहेर बारीक बर्फ पडायला लागलं होतं, त्या वर्षीचं पहिलं, जमिनीवर न टिकणारं. मी वाचायचे, त्या ऐकायच्या, आणि मग बोटांनी जागा शोधायच्या. चेहऱ्याच्या नोटेचा कोपरा त्यांनी गोल कापला आणि दातांनी थोडा चावला, मऊ होईपर्यंत. "तिनं मुका घेतला, मी चावते." सैनिकांच्या नोटेला नागमोडी कात्री, कारण ती करकरायची. रांगेतल्या चार नोटांना त्यांनी एकाच दोऱ्यात ओवलं. "रांगेत सुटं कुणी नव्हतं. सुटलं की नंबर गेला." उशीतल्या नोटेला दाभणानं भोकं पाडली, प्लास्टिकमधून, नोटेमधून, जुन्या भोकांच्या बरोबर वरून. ती मला दिसत होती म्हणून मी त्यांचा हात धरून दाखवत होते. तेवढं एक मी केलं. दोरा त्यांनी घातला.

काही खुणा वहीत नव्हत्याच. सोळा नंबरला त्यांनी मधोमध एक भोक पाडलं. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाल्या, "ते तुला सांगितलेलं नाही. लिहू नकोस."

मी लिहिलं नाही.

शेवटी सगळ्या नोटा त्या कापडात बांधल्या. प्लास्टिकमुळे गाठोडं फुगून बसलं, गाठ नीट बसेना. "जाड झाली माझी आई," आंटी म्हणाल्या आणि जोरात ओढून गाठ मारली.

ऑपरेशनच्या दिवशीची फेरी त्यांनी परत माझ्या नावावर करून घेतली. सेंटरला फोन करून म्हणाल्या म्हणे, दुसरा ड्रायव्हर फार गप्पा मारतो.

उजव्या डोळ्यात आता त्यांना उजेड आणि अंधार कळतो, तेवढंच. डाव्यातली नळी आहे, जरा अरुंद झाली आहे. डॉक्टर याला बरं झालं म्हणतात. पट्टी निघाल्यानंतरच्या मंगळवारी त्या नेहमीच्या बाकावर बसल्या होत्या, आणि गाडीत बसल्याबसल्या त्यांनी गाठोडं सोडलं. पूल येईपर्यंत सहा नोटा बरोबर ओळखल्या. अकरा आणि चौदा नंबर यांत गोंधळल्या आणि त्यांच्या भाषेत काहीतरी असं म्हणाल्या की मी अर्थ विचारला नाही. वास पूर्वीचा नाही. तो फक्त कापडाला आहे. नोटा हाताळून त्या कापड हुंगतात, पुस्तकाचं पान उलटायला बोट ओलं करावं तसं.

दवाखान्यातून येताना त्यांनी मला तळ्याकाठी गाडी थांबवायला सांगितली. माझ्या यादीत अकरा दहाला दुसरं काम होतं. मी थांबवली. पाणी कडेनं गोठायला लागलं होतं आणि त्यावर तेच पांढरं, जागच्या जागी हलणारं धुकं.

"इंजिन बंद कर. डोळे मीट," आंटी म्हणाल्या. "हात पुढे कर."

मी केला. तळव्यावर एक नोट आली. मी अंगठा कडेवरून आत नेला, त्या नेतात तसा. थंड प्लास्टिक. मग एक भोक, मग दुसरं, दोऱ्याची बारीक वीण. गाडीत डांबरगोळ्यांचा वास होता. मला कापडांच्या ओळी दिसल्या, पिवळ्या, लाल. त्यांच्यामागे एक खोली, खोलीत खाट, खाटेवर एक बाई कूस बदलतेय आणि तिच्या कानाखाली कागद कुरकुरतोय.

"उशी," मी म्हटलं. "बारा नंबर."

"चूक. उशी म्हटलं की झालं, नंबर कशाला सांगतेस?" त्यांनी नोट माझ्या हातातून काढून घेतली आणि दुसरी ठेवली. "उघडू नकोस डोळे. परत."